हात लावून बघा

सरांना सगळे सरच म्हणत. शेजारी, पोस्टमन, औषधाच्या दुकानातला माणूस, सगळे. बायकोसुद्धा चेष्टेत म्हणायची, "सर, घंटा झाली, जेवायला चला." चाळीस वर्षं कॉलेजात उष्णता शिकवलेला माणूस, नावापुढे तीन पदव्या, पण घराला कुलूप लावून चार पावलं गेला की परत येऊन ते ओढून बघणार. एकदा नाही, दोनदा. स्वतःचा भरवसा नसलेल्या माणसाला कशाचा तरी आधार लागतो. सरांना आकड्याचा होता. आकडा समोर असला की त्यांच्या जिवाला जरा स्वस्थता मिळायची.

त्या दिवशी ते पहाटे चारलाच उठून बसले होते. सव्वापाचला तपासनीस बाई यायच्या होत्या, उष्णता दिसणारा कॅमेरा घेऊन. घरातली ऊब कुठून बाहेर पळते, थंडी अडवायला भिंतींच्या पोटात भरलेली लोकर कुठे विरली, कुठे भरायचीच राहिली, हे त्या कॅमेऱ्याला भिंत न फोडता दिसतं. मात्र सूर्य उगवायच्या आत. एकदा उन्हानं भिंत तापवली की कॅमेरा खोटं सांगायला लागतो.

बाईंनी फोनवर सूचना दिल्या होत्या आणि सरांनी त्या वहीत लिहून घेतल्या होत्या. हीटर रात्रभर चालू. खिडक्या घट्ट बंद. कपाटं, पलंग भिंतीपासून हातभर पुढे. भिंतींवर टांगलेलं सगळं खाली. आदल्या संध्याकाळी सरांनी हाशहुश करत सगळं केलं. सगळ्यात शेवटी मागच्या खोलीतला थर्मामीटर खिळ्यावरून उतरवला आणि कुठे ठेवावा ते न सुचून स्वेटरच्या खिशात टाकला. तो अजून तिथेच होता.

ही सगळी उठाठेव लेकीनं करायला लावली होती. ती या महिन्याअखेरीस कायमची राहायला येणार होती. "आईची खोली मी घेणार," असं तिनं सांगून टाकलं होतं, "पण आधी ती खोली तपासून घ्या बाबा. रिपोर्ट थेट मला पाठवायला सांगा." तिचा आवाज साधा होता. सरांनी मात्र ते वाक्य रात्री तीनतीनदा उलटंसुलटं करून पाहिलं. थेट मला. म्हणजे काय?

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. गुडघ्यांनी तिला शेवटच्या हिवाळ्यात पलंगालाच खिळवलं होतं. पलंग खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीला लागून. ती म्हणायची, "अहो, गार वाजतंय." मग सर उठायचे, समोरच्या भिंतीपाशी जायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे, एक हात कमरेवर ठेवायचे आणि थर्मामीटर वाचायचे.

"एकोणीस आहे."

"अहो, हात लावून बघा ना."

"हात खोटं बोलतो," सर म्हणायचे. "एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात, मग दोन्ही कोमट पाण्यात. एक म्हणतो गार, दुसरा म्हणतो गरम. आता कुणाचं खरं मानायचं?" हा प्रयोग त्यांनी चाळीस बॅचना करून दाखवला होता. बायको हसायची. आणि एकोणीस आहे म्हणून सर हीटर बंद करायचे. कोरड्या हवेनं तिचा खोकला वाढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मध्येच एकदा लेक तिला न्यायला आली होती. सरांनी तिला दारातच समजावलं, "खोलीत एकोणीस अंश आहेत. गारठा खोलीत नाही, आईच्या डोक्यात आहे." लेक एकटीच परत गेली. त्यानंतर बायकोनं गार वाजतंय म्हणणं सोडून दिलं. पुढच्या महिन्यात तिची छाती भरली आणि पाचव्या दिवशी सगळं आटोपलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, थंडी बाधली. सरांनी मनात म्हटलं, कसली थंडी? एकोणीस होते. गेलं वर्षभर ते हेच म्हणत होते.

बाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलक्या. डोक्याला लोकरीची टोपी, गळ्यात कॅमेरा.

"काय सर, परीक्षेची तयारी झाली का? घराची हो, तुमची नाही."

सरांना उगाच घाम फुटला. "सगळं काढून ठेवलंय. भिंतीवर काही नाही."

"छान. मग दिवे घालवा. या कॅमेऱ्याला अंधार चालतो, मलाच पडद्यावर नीट दिसत नाही उजेडात."

बैठकीच्या खोलीत त्यांनी सुरुवात केली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सरांचं ओळखीचं घर भलतंच दिसत होतं. गार ते निळं, ऊबदार ते पिवळं-नारिंगी, गरम ते पांढरं. दाराच्या फटीतून निळी जीभ आत आली होती. छताच्या कोपऱ्यात निळं जाळं. बाई खटाखट फोटो घेत होत्या, आकडे बोलत होत्या आणि सर वहीत उतरवून घेत होते. सर जरा सैलावले. हे त्यांच्या ओळखीचं जग होतं.

"एक गंमत दाखवू?" बाईंनी तळहात भिंतीवर टेकवला, दहा आकडे मोजले, हात काढला. भिंतीवर काहीच नव्हतं. पण पडद्यावर पाच बोटांचा नारिंगी पंजा, जणू कुणी हळदीत हात बुडवून उमटवला होता. "दोन मिनिटं राहतो. मग विरतो. चोर धरायला बरा."

दोघांनी उभं राहून तो पंजा विरताना पाहिला. आधी बोटांची टोकं गेली, मग तळवा. सरांनी घड्याळ लावलं होतं. दोन मिनिटं, चार सेकंद.

मग मागची खोली.

वर्षभरात सर तिथे झाडण्यापुरते जात. खोलीत अजून मलमाचा, औषधी तेलाचा वास होता. बंद खोलीतला वास जुना होत नाही, मुरतो. पलंग आदल्या दिवशी ओढल्यामुळे खोलीच्या मधोमध आडवा पडला होता, गादी गुंडाळलेली. सर उंबऱ्यातच थांबले. बाई आत गेल्या, कॅमेरा खिडकीखालच्या भिंतीकडे वळवला आणि त्यांची बडबड थांबली.

"अरे देवा."

"काय झालं?"

"लोकरच नाहीये इथे. विरली वगैरे नाही, भरलीच नाही कधी. सरळ पोकळी आहे. बघा ना."

सरांनी मान लांब करून पाहिलं. खिडकीखाली निळा चौकोन होता. गडद निळा, कडा अगदी रेखीव. लांबी पलंगाएवढी. भिंतीला कुणी पलंगाची सावली चिकटवून ठेवावी तसा.

"नऊ अंश," बाई म्हणाल्या. "हीटर रात्रभर चालू असून नऊ. इथे कोण झोपायचं?"

"कुणी नाही," सर म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "हल्ली कुणी नाही."

बाई वाकल्या. कॅमेरा भिंतीजवळ नेला, मागे घेतला, पुन्हा जवळ नेला.

"सर, तुम्ही आत्ता इथे हात लावलात?"

निळ्या चौकोनाच्या डाव्या टोकाला, जिथे बायकोची उशी असायची त्या उंचीवर, एक पंजा होता. नारिंगी. पाचही बोटं स्पष्ट.

सर उंबऱ्यात होते. ते आत गेलेच नव्हते. बाईंनाही ते ठाऊक असायला हवं होतं, पण त्यांची सरांकडे पाठ होती.

"हो," सर म्हणाले. "आत्ताच लावला."

का म्हणाले असतील? पुढे कितीतरी रात्री त्यांनी स्वतःला हे विचारलं. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. त्या प्रश्नाला त्यांच्याकडे आकडा नव्हता.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग सरांच्या हाताकडे. सरांचा पंजा चांगला रुंद, बोटं लांब. पडद्यावरचा लहान होता, करंगळी जरा वाकडी. सरांनी नकळत मोजायला सुरुवात केली होती. एक मिनिट. दोन. तीन...

पंजा विरला नाही.

"भिंतीत काहीतरी असेल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "एखादी तार, किंवा... काहीतरी असेल." त्यांनी फोटो घेतला नाही. चटकन वळल्या आणि कॅमेरा समोरच्या भिंतीकडे केला. "ही भिंत मात्र मस्त ऊबदार हं. अरे, पाइप गेलाय की आतून!"

पडद्यावर त्या भिंतीत वरून खाली एक पिवळाधमक पट्टा होता, नदीसारखा. बॉयलरपासून न्हाणीघराकडे जाणारा गरम पाण्याचा पाइप. दहा वर्षांपूर्वी सरांनीच उभं राहून तो भिंतीतून नेऊन घेतला होता. आणि त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर एक काळा ठिपका होता.

"खिळा," बाई म्हणाल्या. "इथे काय होतं टांगलेलं?"

सरांच्या स्वेटरच्या खिशात थर्मामीटर होता. काचेची नळी कापडातून मांडीला टोचत होती.

"कॅलेंडर."

"मग ठीक. नाहीतर एकेका घरात काय काय बघते मी! एका शहाण्यानं थर्मामीटर लावला होता असाच पाइपवर. आणि घरातल्यांना सांगायचा, कुठे आहे थंडी?" बाई हसल्या. "शिकलेला होता म्हणे खूप."

सर हसले. हसल्यासारखा आवाज तरी त्यांनी काढला. थर्मामीटर कुठे टांगावा हा त्यांच्या पहिल्या तासाचा विषय. ऊन नको, चूल नको, वाफ नको, पाइप नको. फळ्यावर लिहून द्यायचे. चाळीस वर्षं. आणि खिळा ठोकताना फक्त एवढंच पाहिलं होतं की उभ्यानं नीट वाचता यावं.

बाई फोटो घेत होत्या. सर म्हणाले, "तो फोटो... तो रिपोर्टात नाही घातलात तर चालेल?"

"का?"

"लेकीला उगाच... त्या भिंतीत दोष काहीच नाही ना."

बाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "दोष नाहीच म्हणा," त्या म्हणाल्या. "बरं. काढून टाकते. सोळा फोटो पुरेत."

चौथ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, रिपोर्ट आला. आईच्या पलंगामागे भिंत पोकळच होती."

"हो गं. बांधणाऱ्यांनीच भरली नव्हती. मलाही कळलं नाही..."

"ते राहू दे. सतरावा फोटो कसला आहे?"

सरांनी खुर्चीची पाठ धरली. "सोळाच आहेत."

"यादीत सोळा आहेत. आत सतरा आहेत. पाठवते, बघा."

फोन सरांच्या तळहातात थरथरला. मागची खोली होती. समोर पाइपचा पिवळा पट्टा. पट्ट्यावर खिळा, आणि खिळ्याला थर्मामीटर टांगलेला. त्याच्यासमोर पाठमोरा, नारिंगी रंगाचा एक उंच माणूस. एक हात कमरेवर. दुसऱ्या हातानं चष्मा कपाळावर धरलेला.

फोटो खालून काढला होता. फार खालून. आणि फोटोच्या अगदी खालच्या कडेला निळा उंचवटा होता, पांघरुणाचा. पांघरुणाखाली दोन पावलं. भिंत जितकी निळी, तितकीच निळी.

"बाबा?" लेक म्हणत होती. "हे तुम्हीच ना?"

सरांनी बोलायला तोंड उघडलं आणि दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. पाइप, खिळा, एकोणीस, बंद केलेला हीटर, खिशातला थर्मामीटर, कॅलेंडर. त्यांनी काही लपवलं नाही. "तुला नेऊ दिलं असतं तर ती..."

"आईला माहीत होतं," लेक म्हणाली.

"काय?"

"तो खिळा गरम भिंतीत आहे हे. चालता येत होतं तेव्हा तिनं हात लावून पाहिला होता. मला हसत सांगितलं होतं, तुझे बाबा पाइपचा ताप मोजतात."

"मग मला का नाही बोलली?"

"बोलली ना. रोज बोलत होती. हात लावून बघा म्हणायची." लेक म्हणाली. "कुठल्या भिंतीला, ते तुम्ही विचारलंच नाहीत."

सर खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, "तू येणार आहेस ना?"

"येणार आहे. पण त्या खोलीत मी नाही झोपणार, बाबा."

"मी झोपेन," सर म्हणाले. "तू माझी खोली घे."

बाईंना त्यांनी संध्याकाळी फोन केला. बाई शपथेवर सांगत होत्या की पाठवले सोळाच. "आणि सर, असा कोन यायला पलंगावर उताणं पडावं लागतं. मी तपासणीला येते हो, झोपायला नाही. शिवाय पलंग त्या दिवशी मधोमध होता ना..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. मग म्हणाल्या, "भिंत लवकर भरून घ्या."

भिंत भरून घेतली. कामगारांनी बाहेरून भोकं पाडली, नळीनं लोकर फुंकली, भोकं बुजवली. आता ती बाकीच्या भिंतींसारखीच एक भिंत. सरांनी पलंग पुन्हा खिडकीखाली लावला, बायकोच्या जागी स्वतःची उशी ठेवली. जुना खिळा उपटला आणि थर्मामीटर पलंगाच्या डोक्याशी, उशीजवळ टांगला. जिथे तो पहिल्यापासून असायला हवा होता. आता रात्री झोपल्या झोपल्या मान वळवली की आकडा दिसायचा. सोळा. रात्रभर सोळा. थोडं गार, पण ठीक.

पहिल्याच पहाटे सर आपोआप जागे झाले. पाच वाजून दहा मिनिटं. थर्मामीटरमधला पारा हलत होता. सतरा. अठरा. एकोणीसवर थांबला. हीटर बंद होता. सरांनी घड्याळ लावलं. दोन मिनिटं, चार सेकंद. मग पारा उतरला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. सरांनी वहीत तक्ता आखला. घाबरले होते, पण तक्त्यामुळे भीती जरा रांगेत उभी राहायची. बायको समजूत घालतेय, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं आणि डोळे भरून आले. पण चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपल्या पायांचे अंगठे बधिर आहेत. दुपार झाली तरी ते गरम होईनात. सहाव्या दिवशी घोटे. आठव्या दिवशी पोटऱ्या.

उष्णता आभाळातून पडत नाही. एका ठिकाणाहून जाते तेव्हाच दुसऱ्या ठिकाणी येते. हे सरांना कुणी सांगायला नको होतं. हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं.

ते दुसऱ्या खोलीत झोपू शकले असते. बैठकीतला सोफा होता. त्यांनी तसा विचार केला, उशीही उचलली, आणि परत ठेवली. कुठल्या तोंडानं उठणार होते?

लेक रविवारी आली. पेट्या, पुस्तकं, कुंड्या. पाठ केल्यासारखी तीच तीच वाक्यं दोघं बोलत राहिले, प्रवास कसा झाला, जेवलीस का. पण रात्री झोपायला जाताना ती सरांच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबली. सरांना वाटलं, एवढं पुरे. आता काही झालं तरी चालेल.

पहाटे तिला जाग आली. आईच्या खोलीचं दार उघडं होतं. ती चहा घेऊन आत गेली. सर जागेच होते, भिंतीकडे तोंड करून, पांघरूण गळ्यापर्यंत. त्यांचा उजवा तळहात भिंतीवर टेकलेला होता, उशीच्या उंचीवर, जणू पलीकडून कुणी तळहाताला तळहात लावला असावा तसा.

"बाबा, काय करताय?"

"हात लावून बघतोय."

तिनं चहा खाली ठेवला. पांघरूण पायांशी वर सरकलं होतं, ते नीट करायला वाकली. तिच्या बोटांना त्यांचं पाऊल लागलं आणि तिनं हात झटकन मागे घेतला. मग पांघरुणाखालून वर चाचपून पाहिलं.

"बाबा! पाय बर्फ झालेत तुमचे. अहो, पार कमरेपर्यंत... गार वाजतंय का? सांगा ना!"

सरांनी हळूच मान वळवली. चष्मा कपाळावर सरकवला. पारा नुकताच थांबला होता.

"नाही गं," ते म्हणाले. "एकोणीस आहे."